दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये मॉडेल शूट: घरचा स्टुडिओ कमी खर्चात कसा लावायचा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडचा टॉवर असो की नवी मुंबईत नेरुळ-ऐरोलीतली जुनी सोसायटी, टू बीएचकेचा हॉल बहुतेक वेळा दहा बाय पंधरा-सोळा फुटांच्या आसपास निघतो. सिलिंग नऊ-साडेनऊ फुटांवर, मधोमध पंखा, एका टोकाला बाल्कनीची सरकती काच आणि दुसरीकडे स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज. एवढ्या जागेत पोर्टफोलिओचे फोटो व्यवस्थित निघतात, अगदी डोक्यापासून पावलांपर्यंतचेसुद्धा. मात्र छोट्या हॉलमध्ये उजेड कमी पडत नाही, तो नको तिथे सांडतो. म्हणून दुसऱ्या लाइटवर पैसे घालण्याआधी काळ्या कापडावर घाला.

कॅमेरा आणि एखादी ३५ किंवा ५० एमएम लेन्स हाताशी आहे असं इथे धरलं आहे. बाकी सगळ्यासाठी वीस हजारांच्या आत-बाहेरची रक्कम पुरावी. त्यातला निम्म्याहून जास्त भाग फ्लॅश, ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅशला रेडिओने इशारा देणारा) आणि सेल खातात.

आधी फरशी मोजा

सामान आणण्याआधी फर्निचर सरकवून हॉल रिकामा करा आणि एक फरशी टेपने मोजा. विट्रिफाइड फरशी बहुधा दोन बाय दोन फुटांची असते, म्हणजे हॉल पाच फरश्या रुंद आणि आठ फरश्या लांब झाला. आलेखाची वही आयती अंथरून मिळाली; यापुढचं सगळं फरश्या मोजून करता येतं.

शूट लांबीच्या दिशेने लावायचं. दाराची, शोकेसची भानगड नसलेली आखूड भिंत बॅकग्राउंडसाठी घ्या. कापड भिंतीपासून साधारण एक फूट पुढे, मॉडेल कापडापासून पाच फूट पुढे. उरले दहा फूट कॅमेऱ्याला.

हे दहा फूट पुरतात का, ते लेन्सवर ठरतं. उभ्या फ्रेममध्ये पूर्ण मॉडेल आणि वर-खाली थोडी मोकळी जागा मिळून सात फूट धरा. क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ एमएम लेन्सने त्यासाठी साधारण साडेदहा फूट लागतात. बाल्कनीची काच सरकवून दोन पावलं मागे गेलात की काम झालं. त्याच कॅमेऱ्यावर ५० एमएम लावली तर जवळपास पंधरा फूट हवेत. मग मॉडेल भिंतीला चिकटते आणि सावल्यांचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० एमएमने दहा फुटांत भागतं. कमरेपासून वरच्या फोटोंना क्रॉपवर ५० एमएम उत्तम. सात फुटांवरून निघतात आणि नाक मोठं दिसत नाही.

पूर्ण उंचीच्या फोटोला कॅमेरा मॉडेलच्या कमरेच्या उंचीवर आणि सरळ धरायचा. उभं राहून आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून खाली झुकवून काढला की डोकं मोठं आणि पाय तोकडे येतात. नवख्याच्या पोर्टफोलिओत ही चूक पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत असते आणि दोष मॉडेलच्या उंचीवर जातो.

बॅकग्राउंड: आठ बाय बारा घेऊ नका

तयार कापड आठ बाय बारा फुटांत सहज मिळतं आणि बहुतेक जण तेच उचलतात. आता हिशोब करा. कापड टांगायचा दांडा साडेआठ फुटांवर. कॅमेऱ्यापासून दूर गेल्यावर फ्रेम मोठी होत जाते, त्यामुळे मागचं कापड आठ फुटांपर्यंत तरी दिसतंच. बारातले साडेआठ फूट उभे लटकले की जमिनीवर उरले साडेतीन. मॉडेल कापडापासून अडीच फुटांवर अडकली. पूर्ण उंचीचे फोटो हवे असतील तर लांबी सोळा फूट, म्हणजे पाच मीटर हवी.

रुंदीचंही तसंच. वर सांगितलेल्या मांडणीत पूर्ण उंचीच्या फोटोमागे कापडाची जवळपास सात फूट रुंदी दिसते, तेव्हा आठ फूट हवेत. फक्त कमरेपासून वरचे फोटो काढायचे असतील तर मागे चार फुटांच्या आतच दिसतं आणि साडेचार फुटी कागदी रोल पुरतो.

कागदी रोलचा मोह सगळ्यांना होतो. मोठा रोल २.७२ मीटर, म्हणजे नऊ फूट लांब. तो रिक्षात मावत नाही, सोसायटीच्या लिफ्टमध्येही उभा राहत नाही. जिन्याने प्रत्येक वळणावर उभा-आडवा करत न्यावा लागतो आणि एखाद्या कठड्याला कोपरा दुमडला की ती सुरकुती शेवटपर्यंत सोबत राहते. पावसाळ्यात दमट हवेने कागदाला लाटा येतात त्या वेगळ्याच. घरच्या स्टुडिओला कापड बरं.

सगळ्यात स्वस्त म्हणजे मांजरपाट. ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपासच्या कापडबाजारात किंवा उल्हासनगरला विचारा. जितका मोठा पन्हा मिळेल तितका घ्या, म्हणजे जोड कमी लागतात. दोन पट्टे शिवावे लागलेच तर जोड उभा ठेवा आणि मॉडेलच्या डोक्यामागे येणार नाही असा एका बाजूला घ्या. शिवण्याआधी कापड गरम पाण्यात एकदा धुवा: ते आटतं ते आटू दे आणि खळ निघून जाऊ दे. खळ राहिलेल्या मांजरपाटावरच्या घड्या इस्त्रीनेही हटत नाहीत.

रंग एकच घ्यायचा तर मध्यम राखाडी. पांढरं नको, काळंही नको. कारण पुढे येतं.

कापड घडी घालून कधीच ठेवू नका, पीव्हीसी पाइपवर गुंडाळा. शूटच्या आदल्या रात्री टांगून ठेवा, पाण्याचा हलका फवारा मारा आणि खाली कपड्यांच्या चिमट्यांनी ताण द्या. तयार कापड पॉलिस्टरचं असेल तर गरम इस्त्री लावू नका, वितळतं.

दांड्यासाठी दोन पर्याय. स्वतःचं घर असेल तर पडद्याच्या दांड्याचे दोन ब्रॅकेट भिंतीत ठोकून घ्या. ही जन्माची सोय होते. भाड्याचं घर असेल तर दोन उभे स्टँड आणि आडवा दांडा असलेला सेट घ्या. आडव्या दांड्याला नुसता पीव्हीसी पाइप वापरलात तर आठ फुटांवर तो मधोमध झोळीसारखा वाकतो आणि कापडावर तिरप्या चुण्या येतात. अॅल्युमिनियमचा घ्या. स्टँडच्या पायांवर वजन हवंच: तांदळाच्या पाच किलोच्या पिशव्या चालतात, वाळूसाठी वणवण करायला नको.

लाइट एकच, पण हातात राहणारा

नवख्यांपुढे तीन पर्याय येतात: रिंग लाइट, एलईडी आणि फ्लॅश. रिंग लाइट रील्सना ठीक. पोर्टफोलिओत डोळ्यांमध्ये गोल कडी दिसते आणि चेहरा सपाट होतो. सततचा एलईडी शिकायला सोपा, कारण सावली डोळ्यांना दिसते. पण गोडॉक्स एसएल६०डब्ल्यूसारखा ६० वॉटच्या एलईडीचा उजेड छत्रीतून (उजेड मऊ करणाऱ्या फोटोग्राफीच्या छत्रीतून) आला की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावा लागतो, शटर मंदावतं आणि मॉडेलने मान वळवली की केस फोटोत हललेले येतात. फोटोच काढायचे असतील तर हातचा फ्लॅश घ्या. गोडॉक्स टीटी६०० चार पेन्सिल सेलवर चालतो, रेडिओ रिसीव्हर आतच असतो, सगळं मॅन्युअल. कॅमेऱ्यावर त्याच कंपनीचा ट्रिगर बसवायचा. ट्रिगर कॅमेऱ्याच्या ब्रँडनुसार वेगळा येतो, ऑर्डर देताना पाहून घ्या.

सेल रिचार्जेबल आणि आठ: चार फ्लॅशमध्ये, चार खिशात. फ्लॅश फुल पॉवरवर सलग मारत राहिलात तर तो तापतो आणि स्वतःच थांबतो. ते खराब झाल्याचं लक्षण नव्हे, थोडा वेळ द्या आणि पॉवर खाली आणा.

फ्लॅशपुढे काय लावायचं, इथे बरेच जण चुकतात. आरपार उजेड जाणारी पांढरी छत्री सगळ्यात स्वस्त आणि मऊ उजेड देणारी. पण ती निम्मा उजेड मागे फेकते. दहा फूट रुंद हॉलमध्ये तो पिवळट भिंतीवर, सिलिंगवर आपटून मॉडेलवर परत येतो आणि भिंतीचा रंग घेऊन येतो. पीच रंगाच्या हॉलमध्ये गालाची सावलीकडची बाजू नारिंगी दिसते, ती याचमुळे. एडिटिंगमध्ये अर्धाच चेहरा दुरुस्त करत बसावं लागतं. त्यापेक्षा बाहेरून काळी आणि आतून पांढरी अशी चाळीस इंची छत्री घ्या, फ्लॅशचं तोंड छत्रीच्या आत करा. उजेड एकाच दिशेने येतो. सोबत नऊ फुटी लाइट स्टँड आणि छत्री धरणारा ब्रॅकेट.

पाहून-हाताळून घ्यायचं असेल तर सीएसएमटीच्या बाहेर, फोर्टमधल्या बोरा बाजारात एक चक्कर टाका. ठाण्याहून मध्य रेल्वे, वाशी-नेरुळहून हार्बर, दोन्ही तिथेच सोडतात. परत येताना गर्दीची वेळ टाळा.

दोन तोंडांचा सनबोर्ड

फ्लेक्स-साइनबोर्डवाल्याकडे पांढरा सनबोर्ड (हलका, कडक फोमचा पत्रा) आठ बाय चार फुटांत मिळतो. पाच एमएम जाडीचा घ्या. त्याच्याकडूनच दोन बाय साडेसहा फुटांचे दोन तुकडे कापून घ्या, म्हणजे लिफ्टमध्ये येतील. दोन्ही लांब कडेला कापडी टेपने जोडा, पुस्तकासारखे उघडून आपोआप उभे राहतात. आता एका बाजूला काळं कापड चिकटवा.

पांढरी बाजू मॉडेलकडे केली की सावलीत उजेड भरतो. काळी बाजू केली की भिंतीवरून परत येणारा उजेड अडतो, गालाखालची आणि जबड्याची सावली खोल होते आणि चेहऱ्याला आकार येतो. छोट्या हॉलमध्ये काळी बाजूच जास्त वापरली जाते.

अंतराचा खेळ

मध्यम राखाडी का, ते इथे. लाइटपासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. छत्री मॉडेलपासून चार फुटांवर, म्हणजे दोन फरश्या. कापड मॉडेलच्या मागे पाच फूट, म्हणजे छत्रीपासून नऊ. नऊ भागिले चार, त्याचा वर्ग जवळपास पाच: कापडावर मॉडेलच्या एक पंचमांश उजेड पडतो. राखाडी कापड फोटोत कोळशासारखं गडद येतं. एवढ्याच अंतरावर पांढरी भिंत असती तर ती राखाडी दिसली असती.

आता छत्री आठ फुटांवर न्या, पॉवर वाढवा. कापड तेरा फुटांवर, म्हणजे उजेड अडीच-पावणेतीन पटच कमी. तेच कापड उजळलं. दोन्ही फोटो एकाच कपड्यातले असले तरी बॅकग्राउंड बदलल्यासारखं वाटतं. उलट मॉडेल कापडापासून एका फुटावर उभी राहिली तर कापडावर मॉडेलच्या दोन तृतीयांश उजेड पडतो आणि मागे सावलीची कडक कड उमटते, पासपोर्ट फोटोसारखी.

एक धोका मात्र आधीच ओळखा. या मांडणीत मॉडेल हॉलच्या टोकापासून सहा फुटांवर, लाइट तिच्या पुढे तीन-चार फूट. म्हणजे स्टँड जवळपास पंख्याखाली आला! छत्रीचा मध्य साडेसहा-सात फुटांवर ठेवला की तिची वरची कड आठ फुटांच्या वर जाते आणि पंख्याची पाती तिथेच फिरतात. शूट सुरू होताना पंखा बंद करून बटणावर मास्किंग टेप चिकटवा. घरातलं कुणी ना कुणी सवयीने बटण दाबतंच.

शूटच्या दिवशी, क्रमाने

बाल्कनीच्या काचेला जाड पडदा किंवा चादर लावा. पावसाळ्यात ढग दर पाच मिनिटांनी उजेड बदलतात, त्यांच्यावर विसंबू नका. टीव्ही, शोकेसची काच, आरसा चादरीने झाका. चकचकीत फरशी खालून उजेड फेकते. फ्रेमबाहेरच्या भागावर सतरंजी अंथरा. एसी असेल तर तासभर आधी चालू करा. मेच्या दमट दुपारी पंख्याविना मेकअप वीस मिनिटं टिकत नाही. एसीचा झोत कापडावर येऊ देऊ नका, कापड हलतं.

मग कॅमेरा मॅन्युअलवर: शटर १/१६०, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६, आयएसओ २००, व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) ५५०० केल्विन. ट्रिगर बंद ठेवून एक फोटो काढा. तो काळाकुट्ट यायला हवा. काही दिसत असेल तर कुठून तरी घरातला उजेड घुसतोय. ट्यूबलाइट बंद करा, पडदा नीट लावा. ही पायरी गाळली की त्वचेवर हिरवट झाक येते आणि कारण सापडत नाही. शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेलंत तर फोटोत काळी पट्टी येते. तुमच्या कॅमेऱ्याची मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहा.

फ्लॅशऐवजी एलईडी वापरत असाल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि जलद शटरला फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

आता फ्लॅश १/८ पॉवरवर, त्याचं झूम (उजेडाचा पसारा) ३५ वर, छत्री मॉडेलच्या एका बाजूला ४५ अंशांत आणि डोळ्यांच्या फूट-दीड फूट वर. डोळे पाहा: छत्रीचा ठिपका बुब्बुळात वरच्या बाजूला, घड्याळाच्या दहा किंवा दोनच्या जागी दिसला पाहिजे. ठिपकाच नाही तर छत्री फार उंच आहे. नाकाची सावली ओठाला लागली तरी तेच. फोटो अंधारा असेल तर पॉवर १/४ करा, उजळ असेल तर १/१६. शटर फिरवून फायदा नाही, फ्लॅशच्या उजेडावर त्याचा परिणाम होत नाही. कॅमेऱ्यातला हायलाइट अलर्ट (पांढरा फटक झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारा) चालू ठेवा: कपाळ आणि नाकाचं टोक लुकलुकायला लागलं की पॉवर कमी.

हे जमल्यावरच सनबोर्ड आणा. आधी काळी बाजू, मग पांढरी, दोन्हीचे फोटो शेजारी ठेवून ठरवा. बरोबर बसलेल्या जागा फरशीवर मास्किंग टेपच्या फुल्यांनी खुणावून घ्या: मॉडेल, स्टँड, कॅमेरा. ब्राऊन टेप नको, भिंतीवर लावलात तर रंगासकट निघतो.

कपड्यांचं आधी ठरवा. बारीक चौकडीच्या कापडावर कॅमेऱ्यात इंद्रधनुषी लाटा येतात. पैठणीची जर फ्लॅशला थेट सामोरी आली की पांढरी फटक होते. छत्री थोडी वळवून तिच्या कडेचा उजेड पदरावर घ्या. एसपीएफवाल्या फाउंडेशनने फ्लॅशमध्ये चेहरा मानेपेक्षा पांढुरका दिसतो, हे मॉडेलला आदल्या दिवशीच कळवा.

मॉडेल घरी येते तेव्हा

कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली, आरसा आणि चांगला उजेड. सोबत मैत्रीण किंवा घरचं कुणी यायचं असेल तर आनंदाने येऊ द्या. बसायची जागा आधीच ठेवा. पोझ सांगताना स्वतः करून दाखवा, हात लावून मान वळवू नका. केसाची बट सारखी करायची असेल तर सोबत आलेल्याला सांगा.

गेटवर नाव आधी कळवा आणि सेक्रेटरींच्या कानावर घाला. लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर करारातलं वापराचं कलम वाचा. पैसे घेऊन शूट करणं वेगळं ठरू शकतं.

कागद दोन ओळींचा का होईना, करा: फोटो कुठे वापरणार, कोण वापरणार, किती दिवसांत मिळणार. मॉडेल अठरा वर्षांखालची असेल तर पालकांची सही. आणि पैशाची गोष्ट नीट समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटची पहिली मालकी काढून घेणाऱ्याची. म्हणजे मॉडेलने पैसे मोजून पोर्टफोलिओ करून घेतला, तर तुमच्या पेजवर टाकायलाही तिची परवानगी लागते. ती ओळ त्याच कागदावर लिहून घ्या.

आवरताना

फ्लॅशमधून सेल काढा. कापड कोरडं असल्याची खात्री करून गुंडाळा, ओलसर गुंडाळलं तर जून-जुलैत बुरशीचे काळे ठिपके पडतात. छत्री उघडी वाळू द्या. लेन्स कपाटात चामडी पाउचमध्ये ठेवू नका, पाउचच दमट हवा धरून ठेवतो आणि काचेवर बुरशीची जाळी येते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. मणी गुलाबी पडले की पुड्या बदला.